टाकलेल्या फेऱ्यांचा हिशेब

एक चाक मिनिटाला ३६० फेऱ्या मारतं, तर एका सेकंदात ते किती रेडियन फिरेल? अकरावीच्या एनसीईआरटी गणितात त्रिकोणमितीच्या पहिल्याच स्वाध्यायात हा प्रश्न आहे. सेकंदाला ६ फेऱ्या, एका फेरीचे २ पाय रेडियन, म्हणून उत्तर १२ पाय. आमच्या शेजारची मुलगी वही घेऊन आली तेव्हा इथपर्यंत सगळं बरोबर होतं. त्याखाली तिनं आणखी एक ओळ लिहिली होती: १२ पाय वजा १२ पाय बरोबर शून्य. आणि शून्याभोवती चौकोन.

"हे काय गं?"

"काकू, कोटर्मिनल काढला. क्लासमध्ये सांगितलंय, उत्तर नेहमी शून्य ते दोन पायच्या मध्ये आणायचं."

"मग चाक हललंच नाही?"

ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. "हललं ना. पण फेऱ्या कट होतात."

मुलगी हुशार आहे. दहावीला तिला गणितात उत्तम गुण होते, आणि तिनं जे केलं ते शिकवल्याबरहुकूमच केलं. म्हणूनच हा लेख. तिच्या नियमात चूक नव्हती. तो कुठं लावायचा आणि कुठं नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पुस्तक उघडून पाहिलं तर तिथंही ते कुठं सापडत नाही.

कोटर्मिनल कोन म्हणजे काय, हे ज्यांची शाळा सुटून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगते. एक किरण आडवा ठेवा आणि तो घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. ६० अंश फिरवलात तर तो एका जागी थांबेल. पूर्ण फेरी मारून वर ६० अंश फिरवलात, म्हणजे ४२० अंश, तरी तो त्याच जागी थांबेल. पाच फेऱ्या आणि ६० अंश फिरवा, पुन्हा तिथंच. उलट्या दिशेनं ३०० अंश फिरवलात तरी तिथंच. ज्यांची शेवटची भुजा एकाच जागी येते ते सगळे कोन एकमेकांचे कोटर्मिनल. साइन, कोसाइन वगैरेंना फक्त शेवटची भुजा दिसते, म्हणून या सगळ्यांची साइन एकच. त्यामुळे मोठ्या कोनातून पूर्ण फेऱ्या काढून टाकायच्या आणि उरलेल्या लहान कोनावर काम भागवायचं.

अंशांत हे पोरांना पटकन जमतं. ७६५ मधून ७२० गेले, उरले ४५. रेडियनमध्ये तीच पोरं अडखळतात, कारण एक फेरी २ पाय रेडियनची आणि समोर असतं ३१ पाय छेद ३. वजा करायला २ पायचाही छेद ३ करावा लागतो: ६ पाय छेद ३. हे एकदा हाताला बसलं की काम फक्त भागाकाराचं उरतं. ३१ ला ६ नं भागा, बाकी १, म्हणून उत्तर पाय छेद ३. उणे १५ पाय छेद ४ असेल तर फेरी ८ पाय छेद ४ ची. उणे १५ मध्ये दोन फेऱ्यांचे १६ मिळवा, उरला १, उत्तर पाय छेद ४. छेदाच्या दुपटीनं अंशाला भागायचं, बाकी ठेवायची. आमच्या भोपाळमधल्या एम. पी. नगरच्या क्लासांत हे दहा मिनिटांत शिकवतात आणि चांगलं शिकवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार भागाकाराबद्दल आहे. भागाकारात दोन गोष्टी मिळतात, भागाकार आणि बाकी. पुस्तक बाकी ठेवतं आणि भागाकार फेकतं. फेकावा की नाही, हा प्रश्नच विद्यार्थ्याला कधी पडू देत नाही.

मी सरकारी आयटीआयत वर्कशॉप कॅल्क्युलेशन शिकवायची. भोपाळच्या गोविंदपुऱ्यात वाढलेल्या माणसाला हा विषय घरातच मिळतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून निघाला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्सची कंपनी स्थापन झाली, आणि ६ नोव्हेंबर १९६० ला नेहरूंनी इथला कारखाना देशाला अर्पण केला. ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचं सहकार्य होतं. पुढं १९७४ मध्ये ती भेलमध्ये विलीन झाली. आमचे बाबा त्या सुरुवातीच्या भरतीत विदर्भातून आलेले टर्नर. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शेजारी तमिळ, मल्याळी, बंगाली; आणि सगळ्यांचं घड्याळ कारखान्याच्या भोंग्यावर. पिपलानी आणि बरखेड्याच्या क्वार्टरांत असं घर क्वचितच असेल जिथं कोणी ना कोणी फिरणाऱ्या वस्तूंवर पोट भरत नव्हतं.

आयटीआयच्या फिटर किंवा टर्नरच्या मुलाला कोटर्मिनल हा शब्द माहीत नसतो. पण त्याची पहिली मोठी चूक याच जागी होते, आणि ती मायक्रोमीटरवर होते.

मायक्रोमीटरचं थिंबल एक फेरी फिरलं की अर्धा मिलिमीटर पुढं सरकतं. थिंबलवर ५० भाग, एक भाग ०.०१ मिलिमीटरचा. जॉब १२.२८ चा असेल तर थिंबलवर २८ दिसतात. १२.७८ चा असेल तरीही २८ च दिसतात, कारण मध्ये एक पूर्ण फेरी झालेली आहे आणि थिंबल तिथंच येऊन थांबलंय. फरक दिसतो तो स्लीव्हवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या बारीक रेघेत. ती थिंबलच्या कडेला चिकटून असते आणि नवशिक्याच्या डोळ्यातून सुटते. मग तो आत्मविश्वासानं १२.२८ लिहितो आणि जॉब अर्धा मिलिमीटर जाड निघतो. ज्या कामात शंभराव्या भागावर भांडणं होतात तिथं अर्धा मिलिमीटर म्हणजे काही बोलायलाच नको. हातात मायक्रोमीटर असलेल्या मुलाला मी फळ्यावर एक वर्तुळ काढून दाखवायची: थिंबल तुला फक्त बाकी सांगतं, भागाकार स्लीव्हवर लिहिलाय, दोन्ही वाच.

डिव्हायडिंग हेडवर तर यापेक्षा मोठी गंमत होते. मिलिंग मशीनवर गिअर कापताना जॉब समान भागांत फिरवायला हे यंत्र लागतं. आतल्या वर्मचं गुणोत्तर ४० ला १, म्हणजे हाताच्या क्रँकच्या ४० फेऱ्या झाल्या की जॉबची एक. २४ दात्यांचा गिअर हवा असेल तर प्रत्येक दात्यामागे क्रँक ४० छेद २४, म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर दोन तृतीयांश फिरवायची. दोन तृतीयांश मोजायला १८ भोकांच्या वर्तुळावर १२ भोकं पुढं जायचं, पिन भोकात सोडायची, कटर चालवायचा. आता समजा गप्पांच्या नादात मुलगा ती एक पूर्ण फेरी विसरला. पिन नेमकी त्याच भोकात पडते! क्लिक असा आवाजही तोच. भोकाकडं बघून चूक पकडायला कुठलाच मार्ग नाही. फक्त जॉब चोविसाव्या भागाऐवजी साठाव्या भागानंच फिरलेला असतो, आणि पुढच्या खाचेत आधीचा दाता उडून जातो. जॉब सरळ भंगारात. अकरावीच्या पुस्तकाप्रमाणे त्या मुलानं काहीच चूक केली नाही. त्यानं कोटर्मिनल कोन घेतला.

कोणी म्हणेल, ही कारागिरीची उदाहरणं झाली, गणिताला त्याचं काय? तर त्याच पुस्तकात, त्याच प्रकरणाच्या शेवटी, अर्ध्या कोनाचे प्रश्न आहेत. टॅन दिलेला असतो, कोन दुसऱ्या चरणात आहे असं सांगितलेलं असतं, आणि साइन, कोसाइन, टॅन काढायचे असतात त्याच्या अर्ध्या कोनाचे. आता पाय छेद ३ आणि ७ पाय छेद ३ घ्या. एका फेरीचा फरक, पक्के कोटर्मिनल, दोघांची साइन एकच. दोघांना अर्धं करा: पाय छेद ६ आणि ७ पाय छेद ६. पहिल्याची साइन अधिक अर्धा, दुसऱ्याची उणे अर्धा! टाकलेली फेरी अर्ध्या कोनात चिन्ह बदलून परत आली. 'कोन दुसऱ्या चरणात आहे' एवढं सांगून अर्ध्या कोनाच्या साइनचं चिन्ह ठरत नाही. कोन ९० ते १८० अंशांच्या मधला आहे असं गृहीत धरलं तरच ठरतं. पुस्तकातलं उत्तर ते गृहीत धरूनच दिलेलं आहे. विद्यार्थ्याला हे गृहीतक दिसत नाही, कारण आधीच्या स्वाध्यायानं त्याला शिकवलंय की फेऱ्यांना काही किंमत नसते.

हेच मोटारसायकलच्या मेकॅनिकला विचारा. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन फेऱ्या मारते तेव्हा कॅम एक मारतो. टॅपेट सेट करायला फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवायची असते, पण ती खूण दोनदा जुळते: एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. क्रँकच्या दृष्टीनं दोन्ही जागा एकच. कॅमच्या दृष्टीनं त्या एकमेकींच्या बरोबर उलट, कारण कॅमचा कोन क्रँकच्या निम्मा. चुकीच्या फेरीत टॅपेट लावलात तर गाडी नीट चालणार नाही. गोविंदपुरा इंडस्ट्रियल एरियाच्या बाहेर टपरीवजा गॅरेजात बसलेला मुलगा हे रॉकर हलवून तपासतो, दोन्ही वॉल्व्ह मोकळे आहेत ना बघतो, आणि मगच फिलर गेज घालतो. अर्ध्या कोनाच्या साइनचं चिन्ह त्याला बोटांनी कळतं. आमच्या शेजारच्या मुलीनं त्याच्याकडं अर्धा तास उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. तिच्या आईला ते चालणार नाही, हा भाग वेगळा.

याचा अर्थ फेऱ्या टाकू नयेत असा नाही. फेऱ्या टाकणं ही फार मोठी सोय आहे, आणि ती कुठं बिनधास्त वापरता येते हे पाहायला भोपाळपेक्षा चांगलं गाव नाही. इथं जलविद्युत केंद्रांची टर्बाइन आणि जनित्रं बनतात. ५० हर्ट्झची वीज देणारं ४८ पोलचं जनित्र घ्या. ते मिनिटाला १२५ फेऱ्या फिरतं. पोलच्या २४ जोड्या, म्हणून रोटर एकदा फिरला की वीज २४ वेळा वर्तुळ पूर्ण करते. एका उत्तर पोलपासून पुढचा उत्तर पोल लोखंडात १५ अंशांवर, पण विजेच्या हिशेबात एका पूर्ण फेरीवर, म्हणजे तिथंच! स्टेटरच्या एका खाचेसमोर कुठला उत्तर पोल येऊन गेला, पहिला की सतरावा, याच्याशी विजेला काही देणंघेणं नाही. पोल बसवणाऱ्या फिटरला मात्र आहे. त्याच्यासाठी पहिला तो पहिलाच आणि सतरावा तो सतरावाच. एकाच रोटरसमोर उभी असलेली दोन माणसं, एकानं फेऱ्या टाकायच्या आणि दुसऱ्यानं टाकायच्या नाहीत.

असं जनित्र ग्रिडला जोडताना सिंक्रोस्कोप नावाचं यंत्र लागतं. एकच काटा, घड्याळासारखी तबकडी. ग्रिडची वीज आणि नव्या जनित्राची वीज यांच्या कोनांत किती फरक आहे ते काटा दाखवतो. समजा ग्रिड ५० हर्ट्झवर आहे आणि जनित्र ५०.०२ वर. दोघांतला फरक सेकंदाला ०.०२ फेरीनं वाढतो, काटा ५० सेकंदांत एक चक्कर मारतो. काटा बारावर आला म्हणजे कोनातला फरक शून्य, किंवा २ पाय, किंवा २० पाय. ऑपरेटर फेऱ्या मोजत बसत नाही. काटा 'फास्ट'च्या दिशेनं हळूहळू सरकत बाराजवळ आला की ब्रेकर ओढतो. आधी काटा सात वेळा फिरला की सत्तर, कोणी विचारत नाही. कोटर्मिनल कोनाचा इतका शुद्ध वापर मला दुसरीकडं दिसलेला नाही.

आपल्या देशात याचा सर्वांत मोठा प्रयोग महाराष्ट्राच्या सीमेवर झाला. दक्षिण भारताचं ग्रिड बरीच वर्षं बाकी देशाहून वेगळ्या तालावर चालायचं. दोन्हींच्या मध्ये वीज न्यायची तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी तिचा डीसी करून पुन्हा एसी करावा लागे, कारण डीसीला कोनच नसतो, जुळवायचं काही उरत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि सबंध देश एका कोनचक्रात फिरू लागला. तोवर या दोन ग्रिडनी एकमेकांपेक्षा किती फेऱ्या कमी-जास्त मारल्या असतील याला गणती नाही. त्या सगळ्या टाकता आल्या म्हणून ते दोन भाग जोडता आले. (७६५ हा आकडा पुस्तकात अंश म्हणून येतो आणि इथं किलोव्होल्ट म्हणून, हा योगायोग मला उगीचच आवडतो.)

आता हीच वीज घरी येते. जुन्या मीटरमध्ये अल्युमिनियमची चकती फिरायची, कडेला एक रंगीत खूण असायची. ती खूण समोर आहे की मागं, याला बिलाच्या दृष्टीनं शून्य किंमत. किंमत होती ती किती वेळा फिरली याला. मीटरच्या प्लेटवर लिहिलेलंच असायचं की अमुक फेऱ्या म्हणजे एक युनिट. वीजघरात फेऱ्या टाकतात आणि कोन ठेवतात. घरच्या मीटरवर कोन टाकतात आणि फेऱ्या ठेवतात. मधल्या तारेत तीच वीज. 'फेऱ्या कट होतात' असं म्हणणाऱ्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बिलात कट झाल्या असत्या तर बरं झालं असतं." विनोद चांगला होता, आणि विषय समजल्याशिवाय तो सुचत नाही.

आणखी एक खोड या प्रकरणात आहे. पोरांना वाटतं रेडियनमधला कोन म्हणजे त्यात पाय असायलाच हवा. १०० रेडियन असा साधा आकडा दिला की ती विचारतात, "पाय राहिला का लिहायचा?" रेडियन म्हणजे त्रिज्येइतक्या लांबीचा कंस केंद्रापाशी जो कोन करतो तो, सुमारे ५७.३ अंश. त्यात पायचा संबंध फक्त पूर्ण फेरीपुरता. १०० रेडियनमधून फेऱ्या काढायच्या तर ६.२८३२ नं भागा: १५ फेऱ्या, उरले सुमारे ५.७५ रेडियन. यात गुंतलेला धोका पुस्तकातल्या गुळगुळीत उदाहरणांत कधी कळत नाही. पुस्तकात पायची किंमत २२ छेद ७ घेतात. क्षेत्रफळाला ती चालून जाते, फेऱ्या टाकताना ती अंगाशी येते, कारण प्रत्येक टाकलेल्या फेरीबरोबर थोडी चूक मागं राहते आणि साठत जाते. १००० रेडियन घ्या. खऱ्या पायनं १५९ फेऱ्या जातात आणि उरतात सुमारे ०.९७ रेडियन, जवळजवळ ५६ अंश. २२ छेद ७ नं त्याच १५९ फेऱ्या जातात, पण उरतात ०.५७ रेडियन, ३३ अंशांहूनही थोडे कमी. २३ अंशांची चूक! ५० हर्ट्झची वीज १००० रेडियनचा हा प्रवास सव्वातीन सेकंदांच्या आत करते. ग्रिड जोडताना साधारण १० अंशांच्या आत काटा असावा लागतो. असा हिशेब कोणी कागदावर करून ब्रेकर ओढत नाही हे मलाही माहीत आहे. पण चूक किती झाली हे ओळखायला किती फेऱ्या टाकल्या हे माहीत असावं लागतं, आणि तो आकडा आपण मुलांना लिहूच देत नाही.

आपल्याकडं हा आकडा नीट लिहून ठेवणारा माणूस होऊन गेलाय. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. शके १४४२ च्या, म्हणजे १५२० च्या त्यांच्या ग्रहलाघवावर आपली पंचांगं शतकानुशतकं चालली. ग्रह आज कुठं आहे हे काढायचं म्हणजे युगारंभापासूनचे दिवस मोजायचे, ग्रहाच्या गतीनं गुणायचे आणि पूर्ण फेऱ्या टाकून उरलेला कोन घ्यायचा. कलियुगाच्या आरंभापासून मोजलं तर त्यांच्या काळीच दिवसांचा आकडा साडेसोळा लाखांच्या वर गेला होता. त्यांनी ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र धरलं. एका चक्रात ग्रहाच्या पूर्ण फेऱ्या टाकून जे उरतं त्याचा आकडा एकदाच काढून ठेवला. पुढं किती चक्रं झाली तो आकडा वेगळा धरायचा आणि त्यानं गुणायचं. ग्रहाच्या फेऱ्या टाकल्या, चक्रांची संख्या जपली. शिवाय सबंध ग्रंथात ज्या, म्हणजे साइन, कुठंच वापरली नाही, पण ते कौतुक इथं नको. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

रेडियनबद्दलही दोन ओळी, कारण हे माप कारखान्याशी नातं सांगतं. आर्यभटाच्या ज्या-कोष्टकात वर्तुळाच्या २१,६०० कला धरल्या तर त्रिज्या ३४३८ कला येते. एका रेडियनच्या कला ३४३७.७५ भरतात. कोन आणि त्रिज्या एकाच मापात मोजायची कल्पना इतकी जुनी आहे. 'रेडियन' हे नाव छापून आलं ते १८७३ मध्ये, बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजातल्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत. पेपर काढणारे जेम्स थॉमसन. लॉर्ड केल्विनचे थोरले भाऊ, पेशानं इंजिनिअर, आणि पाण्याच्या व्होर्टेक्स टर्बाइनचे शोधकर्ते. ज्याला फिरत्या चाकाच्या कडेचा वेग हवा असतो त्याला रेडियनइतकं सोयीचं काही नाही: त्रिज्येला रेडियननं गुणलं की कडेनं कापलेलं अंतर हातात येतं. आणि हे अंतर काढताना फेऱ्या टाकून चालत नाही. १२ पायचं शून्य केलं की चाक जागचं हलत नाही. म्हणजे ज्या कामासाठी हे माप सोयीचं, तिथंच आपली मुलं सवयीनं फेऱ्या कापून बसतात.

याला नेहमीचं उत्तर असतं, "पेपरात हे येत नाही, मॅडम." बरोबर आहे, येत नाही. चार पर्यायांतून एक निवडायचा असेल तर बाकी पुरते. जेईईच्या मुलाला एका प्रश्नाला दोन मिनिटं मिळतात, त्यात त्यानं मायक्रोमीटरचा विचार करावा असं मी म्हणत नाही. पण अकरावीचं वर्ष दोन मिनिटांचं नसतं. आणि ही मुलं पुढं जिथं जाणार, तिथल्या एन्कोडरला, स्टेपर मोटरला, रोबोटच्या सांध्याला हाच प्रश्न आहे. साधा एन्कोडर एका फेरीतली जागा सांगतो, मल्टिटर्न एन्कोडर फेऱ्याही लक्षात ठेवतो आणि त्याला पैसे जास्त पडतात. रोबोटचा हात एका जागी दोन वेगळ्या मार्गांनी पोचू शकतो. हाताची जागा तीच, पण त्यातून गेलेली केबल एक पीळ जास्त खाते. असे पीळ साठत गेले की केबल तुटते. केबलला कोटर्मिनल समजत नाही.

गोविंदपुऱ्यात मला सर्वांत जास्त खटकतं ते असं. सरकारी आयटीआय इथं आहे, भेलचा कारखाना इथं आहे, शेकडो लहान कारखाने इथं आहेत. त्याच गल्ल्यांतून अकरावीची विज्ञानाची मुलं पाठीवर बॅग टाकून एम. पी. नगरला क्लासला जातात, आणि फिटर-टर्नरची मुलं टिफिन घेऊन वर्कशॉपला. एकाला ३१ पाय छेद ३ येतं पण डिव्हायडिंग हेड दिसलेलं नाही, दुसऱ्याला डिव्हायडिंग हेड येतं पण आपण करतो ते त्रिकोणमितीचं गणित आहे हे कोणी सांगितलेलं नाही. पहिल्याला हुशार म्हणतात, दुसऱ्याला 'गणित कच्चं होतं म्हणून आयटीआयला गेला' म्हणतात. मी दोघांनाही शिकवलंय. कच्चं काय आणि पक्कं काय, याबद्दल माझं मत या वाक्यापेक्षा बरंच कडक आहे.

आपल्या भागातल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. त्रिकोणमितीचं प्रकरण सुरू करण्याआधी एक दुपार अकरावीच्या मुलांना आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये न्या. शिकवायला तिथल्या मुलांनाच उभं करा. मायक्रोमीटर हातात द्या, डिव्हायडिंग हेडची क्रँक फिरवायला लावा, एकदा मुद्दाम एक फेरी कमी फिरवू द्या आणि बिघडलेला गिअर वर्गात आणून ठेवा. मग खुशाल पुस्तकातले सगळे प्रश्न सोडवून घ्या. चाचणीत गुण देताना एक गुण उत्तराला ठेवा आणि एक गुण किती फेऱ्या टाकल्या त्या आकड्याला. ३१ पाय छेद ३ साठी तो आकडा ५ आहे.